लॅपटॉप किती वीज खातो?



आज खते आणि फवारणी बाजूला ठेवू. आज बोलायचे आहे ते विजेच्या बिलाविषयी आणि शिकत्या मुलांमुळे आता आपल्या घरांत आलेल्या लॅपटॉपविषयी. शेतकी खात्याच्या माणसाचे हे काम नव्हे असे तुम्ही म्हणाल. पण गोष्ट अशी घडली की ती सांगितल्यावाचून राहवत नाही.

गेल्या वर्षी श्रावणात मी एका गावी सोयाबीनवरचा चक्रीभुंगा पाहायला गेलो होतो. ज्यांच्या रानात गेलो ते आबा माझ्या जुन्या ओळखीचे. रान पाहून झाले, औषधाचे प्रमाण लिहून दिले आणि चहाला त्यांच्या घरी गेलो, तर घरात सगळे गप्प. थोरली मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. तिने चहा आणून ठेवला आणि न बोलता आत निघून गेली. वहिनींचेही तोंड उतरलेले. मी विचारले, "आबा, काय झालं?"

आबांनी खुंटीवरच्या पिशवीतून विजेची दोन बिले काढून माझ्यापुढे ठेवली. "तुम्हीच बघा साहेब. मे महिन्यात ८८ युनिट, आणि आता १६५. जूनमध्ये घरात नवीन काय आलं? तो लॅपटॉप. दुसरी सुईसुद्धा आली नाही. मी चार्जर ट्रंकेत घालून कुलूप लावलंय. परीक्षेच्या आठवड्यात देईन काढून."

आतून मुलीचा आवाज आला, "आठवड्यात कुठं अभ्यास होतो का?"

लॅपटॉप दुधाच्या पैशातून हप्त्याने घेतलेला. पोरगी त्यावर अभ्यास तर करीतच होती, शिवाय आळीतल्या निम्म्या लोकांचे महाडीबीटीचे आणि पीकविम्याचे अर्ज तीच भरून देत असे. म्हणजे ट्रंकेला कुलूप लागले तेव्हा एका घराचेच काम अडले असे नाही.

आबा हट्टी आहेत, पण बिनहिशेबी नाहीत. त्यांच्या भावकीतल्या एका मुलाने चार्जरवरचा कागद वाचून रीतसर गणित करून दिले होते. चार्जरवर लिहिले होते, इनपुट १०० ते २४० व्होल्ट, १.५ अँपिअर. त्याने २४० ला १.५ ने गुणले, ३६० वॅट आले. दिवसाला ८ तास धरले, महिन्याचे ३० दिवस धरले, ८६ युनिट झाले. बिल वाढले होते ७७ युनिटांनी. आता सांगा, आबांच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही कुलूप लावले असते की नाही?

गणितात गुणाकार बरोबर होता, फक्त ओळ चुकीची धरली होती. ते कसे, हे कळण्याआधी वॅट आणि युनिट यांतला फरक पाहू, कारण निम्मा घोटाळा तिथेच होतो. वॅट म्हणजे नळाची धार. युनिट म्हणजे त्या धारेने भरलेले पाणी. धार मोठी असली तरी नळ मिनिटभरच सोडला तर पाणी थोडेच जमते, आणि बारीक धार रात्रंदिवस गळत राहिली तर हौद भरून वाहतो. हजार वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट. शंभर वॅटची वस्तू दहा तास चालली तरी एकच युनिट. बिल धारेचे येत नाही, भरलेल्या पाण्याचे येते.

आता चार्जरवरच्या ओळी. 'इनपुट' ही ओळ सांगते की हा चार्जर कोणत्या व्होल्टेजवर चालेल आणि अगदी वाईट वेळी, म्हणजे व्होल्टेज खाली उतरले असताना, जास्तीत जास्त किती अँपिअर ओढू शकेल. ती रोजची ओढ नव्हे. वायर आणि फ्यूज ठरवणाऱ्यांसाठी ती लिहिलेली असते. त्याच्या खाली 'आउटपुट' म्हणून दुसरी ओळ असते. आबांच्या चार्जरवर १९.५ व्होल्ट, ३.३३ अँपिअर असे होते. यांचा गुणाकार केला की ६५ वॅट. चार्जर लॅपटॉपला जास्तीत जास्त एवढे देऊ शकतो. तो तेवढे नेहमी देतो असेही नाही. बैलगाडीवर एक टन भरता येते म्हणून बाजाराला जाताना रोज कोणी टन भरत नाही.

लॅपटॉपची बॅटरी रिकामी असेल आणि वर कामही चालू असेल तर ५०-६० वॅटपर्यंत वीज ओढली जाते. बॅटरी भरली की लिहिणे, वाचणे, धड्यांचे व्हिडिओ पाहणे एवढ्याला साधारण १५ ते ३० वॅट पुरतात. चित्रांचे मोठे काम किंवा खेळ यांना जास्त लागते, आणि खेळांसाठीच बनवलेले जाड लॅपटॉप दीडशे-दोनशे वॅटचे चार्जर घेऊन येतात, त्यांची गोष्ट वेगळी. पण अभ्यासाचा साधा लॅपटॉप मुळात बॅटरीवर चालण्यासाठीच बनवलेला असतो, म्हणून तो काटकसरीनेच वीज वापरतो. मी शेतकी कॉलेजात होतो तेव्हा संगणकाची एकच खोली होती आणि चपला बाहेर काढून आत जावे लागे. तिथल्या त्या पेटीला आणि काचेच्या मोठ्या पडद्याला मिळून शंभर-दीडशे वॅट सहज लागत. 'कॉम्प्युटर वीज खातो' ही समजूत बहुधा त्या काळापासून चालत आलेली आहे.

हे सगळे मी आबांना सांगितले. आबा म्हणाले, "साहेब, तुम्ही म्हणता ते खरं असंल. पण मग बिल कुणी वाढवलं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. मी म्हटले, "मीटरलाच विचारू."

हे मीटरला विचारणे तुम्हालाही घरी करता येते, म्हणून नीट सांगतो. मीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्याजवळ एक आकडा आणि पुढे इंग्रजीत आयएमपी प्रति केडब्ल्यूएच असे लिहिलेले असते. आबांच्या मीटरवर ३२०० होते. तुमच्याकडे दुसरा आकडा असू शकेल, तो पाहून घ्या. याचा अर्थ दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झाले. घरातले सगळे बंद करायचे, जी वस्तू तपासायची तेवढीच चालू ठेवायची आणि घड्याळ लावून ६ मिनिटे दिवा मोजायचा. ६ मिनिटे अशासाठी की दहाने गुणले की तासाचा आकडा येतो. त्याला मीटरवरच्या आकड्याने भागले की तासाला किती युनिट ते निघते.

आबांनी ट्रंक उघडली. घरातले पंखे, दिवे, टीव्ही, फ्रीज, सगळे बंद केले. लॅपटॉप अजून लावला नव्हता. मी मुलीला म्हटले, "आधी दिवा थांबलाय का बघ, मग लाव."

ती मीटरजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "काका, थांबत नाहीये."

आम्हाला वाटले काहीतरी चालू राहिले. पुन्हा सगळे फिरून पाहिले. काहीच चालू नव्हते आणि दिवा लुकलुकतच होता. ६ मिनिटांत ३१ वेळा. मग तिने लॅपटॉप लावला. बॅटरी भरलेली नव्हती म्हणून ती भरेपर्यंत आम्ही दुसरा चहा घेतला, आणि भरल्यावर तिने तिचे नेहमीचे काम उघडले. पुन्हा ६ मिनिटे मोजली. दिवा ३९ वेळा लुकलुकला.

म्हणजे लॅपटॉपचे किती? ३९ वजा ३१, फक्त ८. तासाचे ८०. ८० ला ३२०० ने भागले तर तासाला युनिटचा चाळिसावा भाग, म्हणजे २५ वॅट. रोज ६ तास धरले तर महिन्याला साडेचार युनिट. हिशेबाला सोपे म्हणून १० रुपये युनिट धरा, ४५ रुपये. तुमच्या बिलावर जो दर असेल तो तुम्ही घाला. आबांनी बोटांवर दोनदा हिशेब केला आणि म्हणाले, "पंचेचाळीस रुपयांसाठी मी पोरीशी आठ दिवस बोललो नाही व्हय?"

पण मला आता त्या ३१ ची काळजी लागली होती. तासाला ३१०, म्हणजे सुमारे ९७ वॅट. घरातले सगळे बंद असताना कुणीतरी ९७ वॅट ओढत होते, आणि तेही सहा तास नव्हे, रात्रंदिवस. महिन्याला ७० युनिट होतात. म्हणजे वाढलेले ७७ युनिट जवळजवळ भरून निघाले.

मेन स्विच पाडून आम्ही एकेक फ्यूज काढायला लागलो. गोठ्याचा फ्यूज काढून मेन पुन्हा चढवला आणि दिवा थांबला. गोठ्यात असून असून काय असणार, एक दिवा, तोही बंद. त्या फ्यूजला कोणी हात लावायचा नाही असे सांगून मी निघालो. दुसऱ्या दिवशी आबांनी परवानाधारक वायरमन आणला. गोठ्याकडे जाणारी वायर पत्र्याच्या कडेवरून घेतलेली होती. वाऱ्याने घासून घासून वरचे प्लॅस्टिक गेले होते आणि आतली तार पत्र्याला लागत होती. पत्रा लोखंडी खांबाला, खांब ओल्या जमिनीत, आणि म्हैस त्याच खांबाला साखळीने बांधलेली. उन्हाळ्यात जमीन कोरडी होती तोवर वीज फारशी जात नव्हती. मृगाचा पाऊस पडला आणि गळती सुरू झाली. लॅपटॉपही नेमका त्याच दिवसांत घरात आला. मीटर फेजमधून किती वीज गेली एवढेच मोजतो, ती लॅपटॉपात गेली की जमिनीत, याचे त्याला काही नाही.

हे ऐकल्यावर म्हातारी आजी म्हणाली, "मी सांगत हुते, त्या खांबाला हात लावला की मुंग्या येत्यात. तुम्ही म्हणलात, वय झालं." म्हैसही दोन महिने साखळी ताणून खांबापासून लांब उभी राहायची आणि धारेला पान्हा चोरायची. वहिनींनी तिला बाहेरचे पाहण्यासाठी मीठ-मोहरी ओवाळली होती. त्या खांबाला कोणी ओल्या अंगाने, अनवाणी घट्ट धरले असते तर काय झाले असते हे मी इथे लिहीत नाही. माणसाच्या जिवाला अर्ध्या अँपिअरचीही गरज नसते, त्याच्या दहाव्या हिश्श्यातही जीव जाऊ शकतो.

म्हणून माझे सांगणे असे की लॅपटॉप तपासायचा नसला तरी एकदा घरातले सगळे बंद करून मीटरचा दिवा थांबतो का ते पाहाच. घरात चार्जर किंवा टीव्ही भिंतीला लागलेला असेल तर त्याची पिन काढा, मग पाहा. तरीही दिवा लवकर लवकर लुकलुकत असेल तर स्वतः वायरी उकलत बसू नका. मेन पाडा आणि वायरमनला बोलवा. आणि त्याला सांगून मेनजवळ गळती होताच वीज तोडणारे यंत्र बसवून घ्या. दुकानात आरसीसीबी म्हणतात, जुने लोक ईएलसीबी म्हणतात. ३० मिलिअँपिअरचे मागा. आबांनी बसवले आहे. नवीन अर्थिंगही करून घेतले.

अर्थिंगचा लॅपटॉपशीही संबंध आहे. धातूच्या अंगाचा लॅपटॉप चार्जरला लावलेला असताना हात फिरवला तर कधी कधी बारीक झिणझिणी जाणवते. चार्जरमधल्या भागांतून अगदी थोडी वीज अंगावर येते, आणि तिला जमिनीत जायला नीट वाट नसली की ती हाताला कळते. तीन पिनांचा चार्जर असेल तर तिसरी पिन मोडून दोन पिनांच्या भोकात घालू नका, बरीच मुले तसे करतात. अर्थिंग चांगले असेल आणि तीन पिनांचा सॉकेट असेल तर ही झिणझिणी जाते. पण झटका बसावा इतके लागत असेल तर ती वेगळी गोष्ट आहे, चार्जर बदला आणि घराचे वायरिंग तपासून घ्या.

मग घरात बिल खरोखर कोण वाढवते? बादलीत टाकायचा रॉड १५०० वॅटचा असतो. तो दहा मिनिटे चालला की २५ वॅटच्या लॅपटॉपचे दहा तासांचे काम होते. जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, म्हणजे तीन लॅपटॉप. रेग्युलेटर नसलेला, रात्रंदिवस फिरणारा असा एक पंखा महिन्याला ५४ युनिट खातो. नवे बीएलडीसी पंखे ३० वॅटच्या आसपास चालतात. आणि आपली ओळखीची अश्वशक्ती धरायची तर एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. पाच अश्वशक्तीची मोटर मोटरीतला तोटा धरून तासाला साडेचार युनिटांच्या आसपास ओढते. आबांची मुलगी महिनाभर रोज सहा तास बसते तेवढ्याला हीच साडेचार युनिटे लागतात. महिन्याचा अभ्यास म्हणजे मोटरीचा एक तास.

काही शंका मला नेहमी विचारल्या जातात, त्या घाईने सांगतो. लॅपटॉप काढून नुसता चार्जर भिंतीला राहिला तर बिल किती येते? चांगल्या नव्या चार्जरला अर्ध्या वॅटच्याही आत लागते, महिन्याला पाव-अर्धा युनिट झाला तर झाला. बिलासाठी तो काढायची गरज नाही. पण पावसाळ्यात विजा चमकत असताना मात्र पिन काढून ठेवा, आणि डीपीवरचा न्यूट्रल तुटला की घरात एकदम जवळजवळ दुप्पट व्होल्टेज येऊ शकते, दिवे भगभगायला लागले की आधी मेन पाडा. व्होल्टेज कमी झाले तर? पंखा रांगायला लागतो, फ्रीज कुरकुरतो, पण लॅपटॉपचा चार्जर १०० व्होल्टपर्यंत चालतो असे त्यावर लिहिलेलेच असते, त्याला स्टॅबिलायझर घेऊ नका. पडद्याचा उजेड कमी केला की थोडी वीज वाचते. गोधडीवर लॅपटॉप ठेवला की खालची भोके बुजतात, आतला पंखा घरघरत राहतो आणि यंत्र तापते. खाली पाट घ्या.

घरात इन्व्हर्टर असेल तर एवढे ध्यानात ठेवा. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे, खाली त्यावर वॅट-अवरमध्ये आकडा लिहिलेला असतो, ४० ते ५० असतो. २० वॅटच्या कामाला ती नवी असताना दोन तास पुरते. लाईट असताना ती भरून ठेवायची आणि लाईट गेली की चार्जर काढून आधी तीच वापरायची. इन्व्हर्टरवर लावला तर बॅटरीतली वीज २३० व्होल्ट करायची आणि चार्जरने पुन्हा १९ व्होल्टवर आणायची, दोन्ही वेळा थोडी वीज उष्णतेत जाते. दूध डेअरीत घालून तेच पुन्हा विकत आणावे तसे हे आहे. लॅपटॉपची बॅटरी संपली तर मात्र इन्व्हर्टरवर खुशाल लावा. दीडशे अँपिअर-तासांच्या चांगल्या बॅटरीवर एक लॅपटॉप आणि दोन एलईडी दिवे रात्रभर चालतात.

जाता जाता बिलावरचे टप्पेही पाहा. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटांपर्यंत एक दर आणि त्यापुढे ३०० पर्यंत बराच चढा दर असतो. शंभर ओलांडले म्हणून सगळे बिल चढ्या दराने लागते असे पुष्कळांना वाटते. तसे नाही, शंभराच्या वरच्या युनिटांनाच तो दर लागतो. पण आबांची गळतीची ७० युनिटे बहुतेक त्या वरच्याच टप्प्यात जात होती, म्हणून पैशांचा आकडा युनिटांपेक्षाही जास्त टोचला.

भाद्रपदात मी त्याच गावी पुन्हा गेलो. आबांनी बिल दाखवले, ९३ युनिट. मे महिन्यापेक्षा ५ जास्त, ती लॅपटॉपची. मुलगी ओट्यावर पाट घेऊन बसली होती, शेजारच्या दोघी जणी सातबारा घेऊन अर्जासाठी रांगेत होत्या. म्हैस खांबाला अंग घासत उभी होती. आबा म्हणाले, "साहेब, त्या भावकीतल्या पोरालाबी मीटर मोजायला शिकवलं. आता तो गावभर फिरतोय. काल तिसऱ्या घरी दिवा थांबला नाही म्हणून सांगत आलाय, तुमच्या ओळखीचा वायरमन कधी मोकळा आहे?"